एकट्याने नांगर उचलताना विंडलास बंद पडला, रिमोट घेऊ का?

मांडवा२८
नमस्कार मंडळी. २८ फुटी जुनी स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट) आहे, साडेतीन टनांच्या आसपास, मांडव्याला मूरिंगवर असते. बहुतेक वेळा एकटाच जातो कारण घरच्यांना बोट लागते आणि मित्रांना फक्त संध्याकाळचा फोटो हवा असतो. नांगर १० किलोचा सीक्यूआर पद्धतीचा (शेतातल्या नांगराच्या फाळासारखा), ८ मिमीची साखळी ४० मीटर, पुढे ३० मीटर नायलॉनचा दोर, आणि आधीच्या मालकाने बसवलेला १२ व्होल्टचा विंडलास, म्हणजे नांगराची साखळी ओढायचं मोटरचं यंत्र.

नोव्हेंबरात जयगडला गेलो होतो, त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. साडेचारला खाडीत शिरलो, वायव्येचा वारा १५ नॉट तरी असेल. साउंडरवर ४ मीटर पाणी दिसलं, पाचाला एक (खोलीच्या पाचपट साखळी) या हिशेबाने २० मीटर सोडली, रिव्हर्स मारून बघितलं, धरला. छान जेवलो, झोपलो. साडेअकराला फोनचा अँकर अलार्म, बोट जागेवरून सरकली की वाजतो तो. वर येऊन बघतो तर बोट पार उलटी फिरलेली, जमिनीकडून वारा, आणि मागे बांधलेल्या मासेमारीच्या होड्या जवळजवळ यायला लागलेल्या. चांदणं होतं म्हणून निदान दिसलं तरी.

पुढे पळालो, विंडलासचं बटण दाबलं, घर्र घर्र करत चार-पाच मीटर आली आणि ब्रेकर पडला. परत चालू केला, परत पडला. मग हाताने ओढली. कशी ओढली विचारू नका, दुसऱ्या दिवशी चहाचा कप धरता येत नव्हता. परत मागे, इंजिन, जागा बदलली, परत पुढे पळालो, नांगर सोडायला क्लच ढिला केला तो जास्तच ढिला झाला बहुतेक, ४० मीटर साखळी आणि मागचा सगळा दोर धडधडत गेला, शेवट लॉकरच्या कडीला बांधलेला होता म्हणून राहिला नाहीतर नांगरासकट सगळं जयगडच्या तळाला. पायाचं बोट वाचलं ते नशीब.

आता प्रश्न असा, की कॉकपिटमधून चालणारा वायरलेस रिमोट लावला तर हा पुढे-मागे पळण्याचा प्रकार संपेल का? की विंडलासच बदलू? एकटे जाणारे कोणी आहेत का इथे?

पाण्याला_भितो
एकट्याने जायचंच कशाला म्हणतो मी. बरोबर एक माणूस न्या, सगळे प्रश्न मिटतील. समुद्राशी मस्ती नको.

कुपातली_बांगडी
@पाण्याला_भितो, दिलीप दोंदे २००९-१० ला म्हादेई ही शिडाची बोट घेऊन एकटे जगप्रदक्षिणा करून आले, वाटेत चार बंदरं घेतली. त्यांना कोणी सांगायला हवं होतं बरोबर माणूस न्या म्हणून. अभिलाष टॉमी तर २०१२-१३ ला मधे कुठे थांबलेच नाहीत, त्यामुळे नांगराचा प्रश्नच मिटला :)

मांडवा, तोही एक उपाय आहे बघा. थांबूच नका.

वेसाव्याचा
दादा, तुमचा विंडलास नंतर बघू, आधी पाणी बघा. चतुर्दशी होती ना? चौदा पाऊण साडेदहा. म्हणजे रात्री साडेदहाला भरती पूर्ण, ती पण उधाणाची. तुम्ही साडेचारला पोचलात म्हणजे बरोबर सुक्या पाण्यावर, पूर्ण ओहोटीला नांगर टाकला. तेव्हा ४ मीटर होतं ते रात्री साडेसहा झालं असणार. तुमची नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यापासून मीटरभर वर, म्हणजे साडेसात. वीस भागिले साडेसात करा. तीन पण येत नाही. दिवसा तुम्ही पाचाला एक धरलं होतं ते रात्री पावणेतीनाला एक झालं, नांगर तरी काय करील बिचारा, साखळी उभी झाली की तो उचललाच जातो.

आणि वारा. दुपारी समुद्राकडून खारा वारा, रात्री जमिनीकडून मतलई, हे आमच्याकडं पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात. साडेदहानंतर ओहोटी लागली, ती बाहेर ओढणार, मतलई पण बाहेर ढकलणार. दोन्ही एकाच बाजूला, आणि तुमचा नांगर रोवलेला उलट्या बाजूने. बोट फिरली की तो उपटतो आणि परत रोवायला त्याला आडवी साखळी लागते, ती तुम्ही दिलीच नव्हती.

तिथीला पाऊणने गुणायचं, एवढं केलं असतं तर रात्री झोप मिळाली असती.

मांडवा२८
@वेसाव्याचा, हे वाचून डोक्याला हात लावला. टाइड टेबल फोनमध्ये होतं हो. बघितलं पण होतं, खाडीत शिरायला पाणी आहे का ते बघायला. नांगराच्या हिशेबात धरलंच नाही.

वेसाव्याचा
होतं असं. मुंबईत तर उधाणाला साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो, तिथं हा हिशेब चुकला तर सकाळी दुसऱ्याच गावात उठाल. खाली जाल तसा फरक कमी होतो, गोव्यात दोन मीटरच्या आसपास. म्हणून गोव्याकडची पोरं वर आली की फसतात.

बोसन_निवृत्त
३१ वर्षं जहाजावर काढली, आता गच्चीवर टोमॅटो लावतो. मोठ्या जहाजावर नांगर टाकायला फोकसलवर (पुढच्या डेकवर) माणसं असतात, ब्रिजवर वेगळी, मधे वॉकीटॉकी, तरी चुका होतात. तुम्ही एकटे म्हणजे कॅप्टन पण तुम्ही, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) पण तुम्ही आणि वॉकीटॉकी पण तुम्हीच.

पहिली गोष्ट, विंडलास हे साखळी उचलायचं यंत्र आहे, बोट ओढायचं नाही. हिशेब करून बघा. ८ मिमी साखळी मीटरला साधारण १.४ किलो. साडेसात मीटर लटकते ती साडेदहा किलो, नांगर दहा, वर चिखल धरा. २५ किलो. एवढ्यासाठी कुठलाच विंडलास ब्रेकर पाडत नाही. पण वाऱ्यावर ताणलेली बोट त्याच्याकडून ओढून घ्यायला लागलात तर गोष्ट वेगळी. ३० फुटी बोटीला १५ नॉटमध्ये ८० किलोच्या आसपास ताण धरतात, ३० नॉटला तोच सव्वातीनशेच्या घरात जातो, वारा दुप्पट की ताण चौपट. तुमचा ब्रेकर तिथं पडला.

दुसरी, रात्रभर बोट विंडलासवर टांगून ठेवली होती का? स्नबरचा, म्हणजे साखळीचा ताण स्वतःवर घेणाऱ्या दोराचा, उल्लेख दिसला नाही म्हणून विचारतो.

मांडवा२८
हो. स्नबर नाहीये. साखळी जिप्सीवरच (विंडलासच्या साखळी धरणाऱ्या चाकावर) होती.

बोसन_निवृत्त
मग विंडलासला शिव्या देऊ नका. त्याचा शाफ्ट, बेअरिंग, गिअर सगळं रात्रभर हिसके खात होतं. १२ मिमीचा तीन पदरी नायलॉन घ्या, ८-१० मीटर, एका टोकाला साखळीचा हुक किंवा सरळ रोलिंग हिच (ताणाखाली न सरकणारी गाठ) मारा, दुसरं टोक बोच्या (नाळेवरच्या) क्लीटवर, दोर बांधायच्या खुंटीवर, आणि मग साखळी थोडी ढिली सोडा म्हणजे ताण दोरावर येतो. नायलॉन ताणतो, हिसका खातो. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त दोर आणू नका, तो ताणत पण नाही आणि उन्हात कुजतो.

आणि साखळीचा शेवट लॉकरमध्ये शॅकलने अडकवला असेल तर आज काढा. तिथं दोर हवा, आणि तो एवढा लांब हवा की साखळी पूर्ण गेल्यावर दोर डेकवर दिसला पाहिजे. कधी सगळं टाकून पळायची वेळ आली तर सुरी मारून मोकळं होता येतं. शॅकल काय दातांनी सोडणार?

वायरमन_ठाणे
बोटीतलं कळत नाही, पण १२ व्होल्टचं कळतं, सोलरची कामं करतो. दोन प्रश्न. बॅटरी कुठे आणि विंडलास कुठे? आणि रात्री बटण दाबलं तेव्हा इंजिन चालू होतं का?

मांडवा२८
बॅटरी मागे कॉकपिटच्या खाली, विंडलास पुढे. वायर फिरत फिरत जाते, ८ मीटर तरी असेल. जाडी बघितली, १६ स्क्वेअर (चौरस मिमी) आहे. इंजिन तेव्हा बंद होतं, आधी विंडलास दाबला, नंतर चालू केलं.

वायरमन_ठाणे
सापडलं. ८ जायला ८ यायला, १६ मीटर तांबं. १६ स्क्वेअरला ०.०१७५ ओहम येतो. मोटर जोरात असताना ८० अँपिअर घेत असेल तर १.४ व्होल्ट वायरीतच गेले. वर तुमची बॅटरी संध्याकाळपासून दिवे, फोन, फ्रीज असेल तर फ्रीज, यावर चाललेली, ती लोड आला की साडेअकराच्या खाली. म्हणजे मोटरला दहा मिळाले असतील, नसतील. खारट हवेत लग (वायरीच्या टोकाचे जोड) हिरवे पडले असतील तर तेवढेही नाही. मोटर जळत नाही लगेच, हळू फिरते, त्याच कामाला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ गरम होत राहते, मग ब्रेकर त्याचं काम करतो. ब्रेकर मोठा लावायचा विचार कोणी डोक्यात घालेल, करू नका, मग वायर तापेल.

३५ स्क्वेअर टाका, ड्रॉप ०.६४ व्होल्टवर येईल, म्हणजे अर्ध्याहून कमी. किंवा पुढेच एक वेगळी बॅटरी ठेवा. आणि इंजिन चालू केल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

ऑकलंडची_आवा
मी हौराकी गल्फमध्ये ३१ फुटीवर एकटी जाते, नवरा रग्बी बघतो. रिमोट आहे माझ्याकडे, तीन वर्षं झाली, त्यामुळे बोलते.

रिमोट चांगला आहे, खोटं कशाला सांगू. टाकताना तर फारच. हेल्म (सुकाणू) सोडावं लागत नाही, बोट थांबली की बटण दाबायचं, मागे जायला लागली की सोडत राहायचं. पण उचलताना मागे बसून बटण दाबायचं म्हणजे आंधळेपणा. साखळी कुठल्या दिशेला चाललीय दिसत नाही, बो रोलरवरून (नाळेवरच्या चाकावरून) सरकली का दिसत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लॉकरमध्ये साखळीचा ढीग होतो, निमुळता, शंकूसारखा, तो वाढत वाढत विंडलासच्या तोंडाला लागतो आणि साखळी आत जायला जागाच नाही, मग जिप्सीवर अडकते. मांडवा, तुमचं घर्र घर्र मला तेच वाटतंय, व्होल्टेज आहेच पण ढीग पण असणार. मी दर दहा मीटरला थांबते आणि खाली जाऊन हाताने ढीग पाडते. एकटीने करायचं म्हणजे एवढं चालणं आलंच.

रिमोट घेतलात तरी पुढचा फूट स्विच काढू नका. रिमोटचा सेल नेमका पावसात संपतो. आणि विंडलासचा मेन ब्रेकर पुढे काम नसताना बंद ठेवा, खिशात रिमोट दाबला गेला आणि मी सूप पीत असताना साखळी निघाली होती एकदा. मरिनात. सगळ्यांसमोर.

अजून एक, जिप्सी आणि साखळी एकमेकांची आहेत ना बघा. ८ मिमीला बहुतेक ठिकाणी कडीची आतली लांबी २४ मिमी असते, पण १० मिमीत डिन ७६६ या जर्मन मानकाची २८ आणि आयएसओ मानकाची ३०, दोन मिलीमीटरच्या फरकाने साखळी उड्या मारते. आधीच्या मालकाने कुठून काय आणलं देव जाणे.

कुपातली_बांगडी
आम्ही २२ फुटीवर विंडलासच काढून टाकला. नांगराचा दोर बो रोलरमधून काढून, सगळ्या स्टँचिअनच्या (कठड्याच्या खांबांच्या) आणि श्राउडच्या (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारांच्या) बाहेरून, मागे कॉकपिटपर्यंत आणतो. नांगर पण मागेच. बोट उभी राहिली की बसल्या जागेवरून सोडून द्यायचा. पुढे जावंच लागत नाही. बाहेरून घ्यायचं विसरलं तर मात्र बोट श्राउडवर टांगली जाते, ते पण करून झालंय.

बोसन_निवृत्त
@कुपातली_बांगडी, छोट्या बोटीला एकदम चांगलं. पण ४० मीटर साखळीला नाही जमायचं, आणि प्रॉपेलरजवळ ढिला दोर म्हणजे इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवायची अक्कल हवी.

मांडवासाठी, विंडलास मेला तर हात फाडून घ्यायची गरज नाही. तुमच्याकडे कॉकपिटमध्ये शीटचे (शिडाचे दोर ओढायचे) दोन विंच आहेत ना? लांब दोर घ्या, साखळीला बोपाशी रोलिंग हिच मारा, दोर डेकवरून मागे विंचवर, आणि हँडलने ओढा. बोपासून विंचपर्यंतच्या अंतराएवढी, ५-६ मीटर साखळी एका दमात येते. मग पुढे जाऊन साखळी हुकने किंवा छोट्या दोराने क्लीटला अडकवा, हिच परत पुढे सरकवा, परत मागे. वेळ लागतो पण माणूस सुजत नाही. आणि साखळी क्लीटला अडकवल्याशिवाय हिच सोडायची नाही, बोटं दहाच दिलीयत.

उचलायचा क्रम सांगतो. इंजिन चालू, न्यूट्रल. लाइफजॅकेट, टेदर (स्वतःला बोटीला अडकवायचा पट्टा). पुढे जाऊन थोडी साखळी घ्या आणि थांबा. लटकलेल्या साखळीच्या वजनाने बोट आपोआप पुढे येते, साखळी ढिली झाली की परत घ्या. घाई केली की तुम्ही बोट ओढताय. जास्त वारा असेल तर टिलर (सुकाणूचा दांडा) बांधून किंवा ऑटोपायलटवर इंजिन अगदी हळू पुढे. साखळी सरळ खाली उभी राहिली, आम्ही अप अँड डाऊन म्हणायचो, की विंडलास बंद. साखळी क्लीटला बांधा आणि नांगर बोटीला उपटू द्या, लाटेने नाही निघाला तर इंजिनने हळूच. सुटला की मग परत विंडलास.

आणि सुटल्या क्षणी तुमची बोट कोणाचीच नसते. नाळ एका बाजूला पडते, तुम्ही पुढे चिखल धूत बसलेले, मागे कोणी नाही. म्हणून उचलायची जागा टाकतानाच बघायची. वाऱ्याखाली, आणि वारा फिरल्यावर जी वाऱ्याखाली येईल तिकडे पण, दोन-तीन मिनिटं वाहत जायला जागा आहे का? तुमच्या मागे होड्या होत्या. विंडलास धड असता तरी त्या होड्या तिथंच होत्या.

ऑकलंडची_आवा
+१. शेवटचा मुद्दा आमच्या सेलिंग स्कूलमध्ये पण कोणी असा सांगितला नव्हता.

पाण्याला_भितो
एवढं सगळं करण्यापेक्षा मांडव्याला जेट्टीवरून लाँच पकडा, तासाभरात गेटवे.

वेसाव्याचा
अजून एक. रात्री मास्टच्या टोकाला नांगराचा पांढरा दिवा लावता, नियमानं बरोबर आहे. पण पहाटे खाडीतून निघणारा आमचा माणूस समोर पाण्याकडं बघतो, वर चांदण्यांकडं नाही. खाली बूमला (शिडाच्या आडव्या काठीला) एक साधा कंदील टांगत जा. दिवसा काळा गोळा पण. आणि खुंट, बोया दिसले तर तिथून लांब, खुंटांना बांधलेल्या डोलीच्या जाळ्यात तुमचा नांगर अडकला तर जाळं फाटेल, ते कोणाचं तरी वर्षाचं पोट असतं.

मांडवा२८
तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

रिमोट अजून घेतला नाही. त्या पैशात ३५ स्क्वेअर वायर आली. जुने लग कापले तर आत हिरवी पावडर, वायरमन भाऊ तुम्हाला फोटो पाठवला असता तर तुम्ही रडला असतात. क्लचचा कोनही काढून घासला, ग्रीस लावलं, आता हँडलने थोडं थोडं सुटतं, एकदम नाही. आवाताई, लॉकरमध्ये खरंच ढीग होत होता. तिथं आधीच्या मालकाने फेंडर आणि जुना पंप कोंबून ठेवला होता, साखळीला पडायला उंचीच नव्हती. काढल्यावर अर्धा त्रास गेला. फुकटात.

मग एका रविवारी सकाळी मांडव्याबाहेर मोकळ्या पाण्यात सहा वेळा नांगर टाकला आणि उचलला. मुद्दाम. शेजारच्या यॉटवरचे लोक बघत होते, त्यांना वाटलं असेल याला जागा पसंत पडत नाहीये. पहिल्या दोन वेळा पळालो. तिसऱ्यांदा लक्षात आलं की पळायची गरजच नाही, वाऱ्यात तोंड करून बोट पूर्ण थांबू दिली, स्पीड शून्य झाला, की चालत जाऊन नांगर तळाला टेकवायला भरपूर वेळ असतो. मी आतापर्यंत बोट थोडी पुढे चाललेली असतानाच धावायचो, मग साखळी नांगरावरच पडायची. आता तळाला टेकला की बोट आपोआप मागे वाहते, तिच्याबरोबर साखळी सोडायची, रिव्हर्स अगदी शेवटी आणि हळूहळू. किनाऱ्यावरचा एक माड आणि त्यामागची टाकी एका रेषेत धरतो, रेषा मोडली नाही तर नांगर धरला.

पाचव्या वेळी विंडलासचा ब्रेकर मुद्दाम पाडून विंचने उचलला. बोसनकाका, २२ मिनिटं लागली, घाम निघाला पण हात शाबूत. सहाव्या वेळी नांगर सुटल्यावर बोट डावीकडे पडली, मला वाटलं उजवीकडे पडेल. तिकडे जागा होती म्हणून काही झालं नाही, पण अजून हे मला आधी सांगता येत नाही. रोलर सेंटरला नाहीये म्हणून असेल का?

बोसन_निवृत्त
रोलर असेल, गुंडाळलेलं जिब (पुढचं शीड) असेल, ओहोटी असेल. सुटायच्या आधी थोडं टिलर हवं त्या बाजूला बांधून इंजिनचा एक हलका झटका द्या, नाळ तिकडे वळायला लागली की मग उचला. ती कुठे पडते याची वाट बघू नका.

मांडवा२८
करून बघतो. शेवटचा प्रश्न, साखळीवर दर दहा मीटरला रंग मारला होता, सहा वेळा घासून निम्मा गेला. केबल टाय लावले तर त्यांची टोकं बोटाला कापतात. तुम्ही काय लावता?

ऑकलंडची_आवा
रंगीत प्लास्टिकचे तुकडे मिळतात कडीत दाबून बसवायचे. वर्षाला दोन-चार पडतात.

वेसाव्याचा
चिंध्या. कडीतून ओवून एक गाठ, दहाला एक, वीसला दोन. पातळ कापड घ्या म्हणजे जिप्सीत अडकणार नाही. अंधारात हाताला पण कळतं. आईला जुनी साडी मागा, लाल असली तर बरं.